एका दाराचं घर



पत्रिका छापायला देण्याआधी या व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला दोनदा फोन केला. एकदा विषय लिहिताना माझीच काही गडबड झालीय का, हे विचारायला; आणि दुसऱ्यांदा नातवंडांना आणलं तर चालेल का, हे विचारायला. विषय बरोबर आहे : झोंबींची साथ आली तर आपलं राहतं घर कसं लढवायचं. आणि नातवंडांना जरूर आणा, त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी चाळीस वर्षं इमारतींचे आराखडे तपासण्यात घालवली. कुठल्याही वास्तूत शिरलो की ही पडली तर कुठून पडेल, हे माझ्या मनात आधी येतं. वास्तुशांतीला मला बोलावणारे लोक त्यामुळे कमीच. पण या विषयात तो स्वभाव कामी येतो. झोंबी म्हणजे मेलेला माणूस, उठून चालायला लागलेला. त्याला भूक आहे, अक्कल नाही. तो दमत नाही, घाबरत नाही, कडी वाजवत नाही. नुसता रेटतो, आणि त्याच्यामागून येणारे त्याला रेटतात. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हा शत्रू नाहीच, हा भार आहे. गर्दीच्या रेट्यापुढे लोखंडी कठडे वाकल्याची उदाहरणं जिवंत माणसांच्या गर्दीतही आहेत.

झोंबीचं मूळ गाव मात्र हैती. तिथल्या फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. १८०४ साली त्यांनी तो देश स्वतंत्र केला. त्यांच्या लोकसमजुतीतला झोंबी कोणाला खात नाही. मांत्रिक त्याला थडग्यातून उठवतो आणि राबवून घेतो. म्हणजे मेल्यावरही ज्याची सुटका नाही असा गुलाम. तिथे भीती झोंबीची नव्हती, झोंबी होण्याची होती. त्यामुळे हैतीतले नातेवाईक पहारा बसवायचे तो घरावर नव्हे, ताज्या थडग्यावर. अमेरिकी लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३८ सालच्या पुस्तकात तिथल्या या समजुतींबद्दल लिहून ठेवलं आहे. बंदोबस्त हवा होता आपल्या माणसाला कोणी बाहेर काढू नये म्हणून. पुढे अमेरिकी सिनेमाने ते सगळं उलटं करून टाकलं.

ते उलटं झालं १९६८ साली. जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुणाने पिट्सबर्गच्या आसपास, हाताशी होते तेवढ्या पैशांत, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. वितरकांनी ऐनवेळी नाव बदललं, त्या गडबडीत स्वामित्वहक्काची ओळ पडद्यावर घालायची राहिली, आणि तिथल्या तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सगळ्यांचा झाला. गंमत म्हणजे अख्ख्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. आज मला त्यातलं घर हवं आहे. पेनसिल्व्हेनियातलं एक साधं दुमजली शेतघर. वर खोल्या, खाली तळघर. रात्र पडते आणि एकमेकांना न ओळखणारी सात माणसं तिथे अडकतात.

त्यातला बेन नावाचा माणूस कामाला लागतो. आतली दारं उखडतो, टेबलाची फळी काढतो आणि हे सगळं खिडक्यांवर ठोकत सुटतो. पाहताना माझा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. तो फळ्या आतून ठोकतो! बाहेरून रेटा आला की तो फळीला आत ढकलणार, म्हणजे खिळा सरळ उपटणार. खिळा कापायला कठीण, उपटायला सोपा. हे कुठल्याही सुताराला विचारा. तीच फळी बाहेरून चौकटीवर ठोकली असती तर जितका रेटा जास्त, तितकी ती चौकटीवर घट्ट बसली असती. आता तुम्ही म्हणाल, बाहेर जाऊन ठोकणार कोण? बरोबर. म्हणूनच हे काम पाहुणे यायच्या आधी करायचं असतं. चक्रीवादळाच्या आधी फ्लोरिडातले लोक खिडक्यांवर प्लायवुड बाहेरूनच लावतात.

बेनचा बिचाऱ्याचा इलाजही नव्हता म्हणा. अमेरिकेतलं सर्वसाधारण घर लाकडी सांगाड्याचं. दोन बाय चार म्हणतात ती उभी लाकडं प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच, आणि त्यांच्यावर आतून अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड. रागाने मारलेली बुक्की त्यातून आरपार जाते. दार लाथेने उघडतं तेव्हा बहुधा कुलूप तुटत नाहीच. कुलपाची जीभ ज्या पत्र्यात शिरते त्या पत्र्याचे पाऊण इंची स्क्रू चौकट फोडून बाहेर येतात. तिकडचे जाणकार सांगतात, तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते मागच्या खांबापर्यंत पोचतील. सगळ्या झोंबीशास्त्रातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला हाच.

आपल्या वाड्यांमध्ये हा प्रश्न अडसराने सोडवला होता. माझ्या आजोळच्या दाराला होता. साधारण मांडीएवढ्या जाडीचा सागवानी ओंडका, दिवसा भिंतीतल्या पोकळीत झोपलेला. रात्री मामा तो ओढून दारामागून पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत सरकवायचा. त्यात ना खिळा, ना स्क्रू. दारावर आलेला भार ओंडक्यावर, ओंडक्याचा दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर. ही युक्ती कॉलेजात न गेलेल्या कोणा माणसाची, आणि मी तिला शंभरपैकी शंभर गुण देईन. मोठ्या दरवाजात दिंडी असायची, वाकून एकेकानेच आत यायचं. रेटणाऱ्या गर्दीला वाकता येत नाही.

आता आपले फ्लॅट. भिंती विटांच्या, सांगाडा काँक्रीटचा, मुख्य दाराबाहेर आणखी एक जाळीचं दार, आणि प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल. चोराच्या धास्तीने आपण अमेरिकी माणसाच्या दहा पावलं पुढे जाऊन बसलोय. मॅक्स ब्रुक्स यांनी २००३ साली झोंबींपासून बचावाची एक सविस्तर मार्गदर्शिका लिहिली. तीत दुमजली घरवाल्यांना सल्ला आहे, वर राहा आणि जिना पाडून टाका. काँक्रीटचा जिना घरच्या हातोडीने पाडून दाखवा, मी सत्कार करीन. आपल्याला तशी गरजही नाही. तिसऱ्या मजल्यावर ग्रिलच्या आत बसलेल्या आपल्या माणसाला झोंबी हात लावू शकत नाही.

आणि अडचण तिथेच आहे. त्या माणसालाही बाहेर पडता येत नाही.

रोमेरोच्या शेतघरात भांडण होतं ते यावरूनच. कूपर नावाचा गृहस्थ बायको आणि आजारी मुलगी घेऊन तळघरात लपलेला असतो. त्याचं म्हणणं, तळघराला दार एकच, तेवढं सांभाळलं की झालं. बेन म्हणतो, एकच दार म्हणजे सापळा. ते गेलं तर जायचं कुठे? दोघंही आपल्या जागी बरोबर. चित्रपटाचा खट्याळपणा असा की शेवटी सगळं घर कोसळल्यावर बेन ती रात्र काढतो ती त्याच तळघरात. आणि कूपरचा पक्का बंदोबस्त फुकट जातो, कारण ज्या मुलीसाठी तो केला तिलाच झोंबी चावलेला असतो. संकट दाराच्या आत घेऊन त्याने दार लावलेलं असतं.

या भांडणाचा निकाल मला मराठीत सापडला. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण गडांसाठी लिहिलं आहे, पण दोन खोल्यांच्या माणसानेही वाचावं. पंत म्हणतात, गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. दोन-तीन असावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात; रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या चालू ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. म्हणजे वाट आहे, पण दिसत नाही. बेन आणि कूपर दोघांचंही समाधान!

हे वाचल्यावर मी आमच्या बेडरूमच्या ग्रिलला माणूस जाईल एवढी झडप करून घेतली. आग लागून जिन्यात धूर भरला तर पेटीसारखं वेल्डिंग केलेलं ग्रिल काय करतं, ते मला कामातून ठाऊक होतं. पण स्वतःच्या घरात झडप करायला झोंबी यावे लागले. झडपेला कुलूप आहे. किल्ली शेजारच्या खिळ्याला. गेल्या महिन्यात सहज पाहिलं तर त्या खिळ्याला डास मारायची रॅकेट लटकत होती. किल्ली दोन दिवसांनी शिवणाच्या डब्यात सापडली.

पंत आणखी एक सांगतात, आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये. इथे जरा थांबतो, कारण सिनेमावाले इथे कधी थांबत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मे २०११ मध्ये झोंबींच्या साथीची तयारी कशी करावी यावर खरोखरच एक टिपण काढलं. वादळ-भूकंपाची तयारी करा म्हटलं की कोणी ऐकत नाही, झोंबी म्हटलं की ऐकतात, असा साधा हिशेब. लोक इतके तुटून पडले की संकेतस्थळ बंद पडलं. त्यातला आकडा आहे माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे सुमारे ३.८ लिटर. चौघांचं कुटुंब, पंधरा दिवस : २२८ लिटर. एक मोठं पिंप आणि वर दोन बादल्या. जमण्यासारखं आहे. पण आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब करताना आम्ही माणशी १३५ लिटर धरतो. मधलं पाणी जातं कुठे? पुष्कळसं संडासात. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. एकदा बटण दाबलं की अडीच माणसांचं दिवसाचं पाणी गेलं. वीज गेली की पंप बंद, आणि गच्चीवरची टाकी रिकामी व्हायला सोसायटीला एक सकाळ पुरते. तेव्हा वेढ्यातलं घर पडेल ते दारातून नव्हे, न्हाणीघरातून पडेल. झाकणाची बादली, राख किंवा लाकडाचा भुसा, ब्लीचिंग पावडर. हे शब्द व्यासपीठावरून उच्चारताना मलाही संकोच वाटतो, पण पंतांना वाटला नव्हता. गडावरचा केर खाली न ढकलता जागोजागी जाळावा आणि ती राख परसातल्या भाजीला घालावी, इथपर्यंत त्यांनी लिहून ठेवलंय.

अन्नाची चिंता मी करत नाही. आत्ता वैशाखात निम्म्या श्रोत्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत असतील, आणि वर्षाचा गहू एरंडेल लावून भरून झाला असेल. शंका एवढीच की तळणीच्या वासाने कोण कोण जमेल.

त्या सीडीसीच्या टिपणात शस्त्रं नाहीत, फळ्या ठोकणं नाही. पाणी, औषधं, साबण, कागदपत्रं, आणि घरच्यांनी भेटायच्या दोन जागा ठरवून ठेवा : एक घराच्या अगदी बाहेर, एक वस्तीच्या बाहेर. म्हणजे घर सोडायची तयारी हीसुद्धा घराचीच तयारी. रोमेरोच्या चित्रपटातही रेडिओ आधी सांगतो, घरातच थांबा. काही तासांनी टीव्ही सांगतो, बचावकेंद्रांवर या. सूचना बदलते. एकाच सूचनेवर बांधलेलं घर तेव्हा अडचणीत येतं.

दार कोणासाठी उघडायचं, हा भाग उरतो, आणि तो माझ्या विषयाच्या बाहेरचा आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. २०२२ सालच्या ‘झोंबिवली’ या चित्रपटाने आपल्याकडे तो डोंबिवलीत नेला. एका बाजूला नवा टॉवर, शेजारी वस्ती. टॉवरचं फाटक कोणासाठी लागतं हे सांगायला झोंबीची गरज नव्हती. त्याच्या दोनच वर्षं आधी आपण सगळ्यांनी ते लावून पाहिलं होतं. मार्च २०२० मध्ये गावोगाव रस्त्यांवर काटेरी झुडपं पडली, सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटकाबाहेर थांबवलं.

आमच्या सोसायटीनेही थांबवलं. आणि फाटकावर बांबूंची आडवी-उभी जाळी बांधायची ठरली, तेव्हा आराखडा साहजिकच माझ्याकडे आला. मी मन लावून केला. बांबू बाहेरच्या अंगाला, म्हणजे रेटा आला तर फाटकावरच दाबला जाईल. खिळा एकही नाही, सगळ्या गाठी काथ्याच्या. कोणीही यावं आणि शिकावं अशी बांधणी होती.

मे महिन्यात एका रात्री पहिल्या मजल्यावरच्या नानांच्या छातीत कळा यायला लागल्या. करोना वगैरे काही नाही, सरळ हृदय. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली आणि फाटकाबाहेर थांबली. संध्याकाळी वळवाची सर पडून गेली होती. भिजलेला काथ्या फुगतो आणि गाठ आवळते, हे मला माहीत असायला हवं होतं. गाठी बाहेरच्या बाजूला, आम्ही आतल्या. बॅटरीच्या उजेडात ड्रायव्हर आणि मी फाटकाच्या दोन्ही अंगांनी नखांनी ओढत होतो. नाना प्लास्टिकच्या खुर्चीवर, घामाने भिजलेले. शेवटी ड्रायव्हर समोरच्या वस्तीत धावत गेला आणि एका घराचं दार वाजवून कोयता घेऊन आला. ते दार लगेच उघडलं गेलं.

नाना आठवड्याने घरी आले. तोवर जाळी काढून झाली होती, बांबू जिन्याखाली रचले होते. मी भेटायला गेलो. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, नकाशात कोण आत येणार नाही ते सगळं छान दाखवलं होतंत. आम्ही बाहेर कुठून जायचं, ते कुठल्या कागदावर होतं?”