आशा कार्यकर्तीच्या पाठीशी कोण?



22 जुलै 2021 रोजी महाड शहर सावित्री-गांधारीच्या पुरात बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. करोनाची साथ तेव्हा संपलेली नव्हती, आणि पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे भय डोके वर काढीत होते. अशा वेळी घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांचा शोध घेण्याचे काम शासनाने जिच्यावर सोपविले आहे, ती आशा कार्यकर्ती त्याच गावची रहिवासी असते. गावावरील संकट तिच्या घरावरचेही संकट असते.

या पुराच्या जेमतेम महिनाभर आधी राज्यातील सुमारे 70 हजार आशा कार्यकर्त्या संपावर होत्या. 15 जूनला सुरू झालेला तो संप 23 जूनला मिटला. पदरात पडले ते दरमहा 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपयांचा कोविड भत्ता. 2024 सालची मानधनवाढही आंदोलनाशिवाय मिळाली नाही. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. परंतु सरकारदप्तरी त्या आजही 'स्वयंसेविका'च आहेत. या एका शब्दाच्या आडोशाने शासन वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन यांची जबाबदारी टाळीत आले आहे.

हा प्रश्न केवळ मानधनाचा मानणे ही मात्र चूक ठरेल. दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे 75 खाटांचे रुग्णालय असावे, असे दीर्घकालीन उद्दिष्ट भोर समितीने 1946 सालीच मांडले होते. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील रुग्णाला जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर शंभराहून अधिक किलोमीटरवरील अलिबागला जावे लागते. आशाने ताप हुडकला, पण पुढे डॉक्टर, खाट आणि रुग्णवाहिका नसेल, तर तिचे श्रम नोंदवहीतच राहतात. म्हणून तिचा कर्मचारी म्हणून हक्क आणि रुग्णाचा उपचाराचा हक्क या दोन मागण्या नसून एकच मागणी आहे.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच महाडात चवदार तळ्याचे पाणी हक्क म्हणून प्राशन केले गेले. सार्वजनिक उपचारही असाच हक्क आहे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत आरोग्य केंद्रातील रिक्त पदांचा जाब विचारावा, आणि तो साथ येण्यापूर्वी विचारावा.