प्रेमविनोदी चित्रपट आणि आपले घर
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



प्रेमकथेवरचा विनोदी चित्रपट मुलाबाळांसह बसून पाहावा काय, हा आजचा विषय. आपल्यापैकी बहुतेक जण त्याचे उत्तर एकाच कसोटीवर देतात. पडद्यावर आलिंगन, चुंबन दिसले की वडील खाकरतात, आई चहा टाकायला उठते आणि कोणीतरी चॅनेल बदलतो. तसे काही नसले की चित्रपट घरात बसून पाहण्याजोगा ठरतो. ही कसोटी अगदीच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण ती अपुरी आहे.

सरकारनेही आपल्या परीने कसोटी लावली आहे. १९५२ च्या कायद्यानुसार 'यू' आणि 'ए' असे दोन दाखले होते. १९८३ मध्ये 'यूए' आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग पाडले. मात्र हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. घरात कोणी काय पाहावे याचा निर्णय शेवटी पालकांवरच सोपवलेला आहे.

एक उदाहरण घेऊ. बासू चटर्जी यांचा 'छोटी सी बात' हा १९७६ सालचा चित्रपट स्वच्छ करमणुकीचा नमुना म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अमोल पालेकरांचा बुजरा अरुण बसथांब्यावर प्रभाला पाहतो, रोज तिच्या मागून चालतो, पण बोलण्याचे धाडस करीत नाही. पुढे तो खंडाळ्याला अशोक कुमारांच्या कर्नलकडे जाऊन मन जिंकण्याच्या युक्त्या शिकतो. चित्रपटात आक्षेपार्ह दृश्य नाही. अरुण सज्जन आहे, प्रभाला तो मनातून आवडतो, आणि हसू येते ते अरुणच्या भित्रेपणाचे. म्हणून आपणही निर्धास्तपणे हसतो.

परंतु शेजारी बसलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्यातून काय उचलतो? प्रभाच्या मनात काय आहे हे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला सांगून ठेवलेले असते. रस्त्यावरच्या मुलीचे मन असे कोणी उलगडून दाखवीत नाही. तिने नापसंती स्पष्ट दाखवूनही वारंवार तिच्या मागे लागणे हा २०१३ पासून आपल्या देशात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे.

आता त्याच सतरंजीवर बसलेल्या मुलीचा विचार करा. कोणी मागे येत असेल तर ती घरी सांगेल काय? सांगितले तर उद्यापासून शाळा बंद, ही भीती पुष्कळ मुलींच्या मनात असते. पडद्यावरच्या पाठलागावर आई-वडील मनमुराद हसताना तिने पाहिले, तर सांगण्याची उरलीसुरली इच्छाही संपते. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण सुटते हिचे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय आणण्याचे कारण हेच.

तर मग चित्रपट बंद करावेत काय? मुळीच नाही. हसण्याने घर जवळ येते, आणि दार लावून एकट्याने पाहण्यापेक्षा सर्वांनी मिळून पाहणे केव्हाही बरे. 'छोटी सी बात' जरूर पाहा. फक्त संपल्यावर लगेच उठू नका. मुलाला विचारा, प्रभाला अरुण आवडत नसता तर त्याने काय करायला हवे होते? मुलीला स्पष्ट सांगा, तुझ्यामागे कोणी आले तर आम्हाला सांग. तुझी शाळा बंद होणार नाही. आणि हा शब्द पाळा.

ज्या चित्रपटानंतर असे बोलता येते, तो कुटुंबासह पाहण्यास योग्य असे मी समजतो. ज्यात मुलीच्या नकाराचीच थट्टा आहे, तो कितीही सोवळा दिसला तरी मुलांपुढे लावू नये, आणि का लावला नाही हेही त्यांना सांगावे.