हातची विद्या वाटून घेऊ या

मुळशी तालुक्यातल्या माण गावाचे नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. हिंजवडीला लागून असलेल्या या गावाच्या शिवारात आयटी पार्कच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. जिथे भाताची खाचरे होती, तिथे काचेच्या भिंती आल्या. गावाला रस्ते मिळाले, पोरांना नोकऱ्या मिळाल्या, हे चांगलेच झाले. पण अशा गावातून एक गोष्ट कोणाच्या ध्यानात न येता निघून जात असते. शेत गेले की बैल जातो, बैल गेला की औत जाते, आणि औत गेले की लोहाराचा भाता थंड पडतो. त्या भात्याबरोबर हातातली विद्याही जाते. जमिनीची नोंद सातबाऱ्यावर सापडते, या विद्येची नोंद कुठे सापडायची?

म्हणून आज बोलायचे आहे ते घरच्या घरी धातुकाम आणि दुरुस्ती करणाऱ्या हौशी मंडळींशी. तुमच्या गावातही असे चार जण असतीलच बघा. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असतो, कोणी जुन्या पत्र्याची शेगडी बनवतो, कोणी सायकलीचा हातगाडा करतो. घरातली गळकी घागर स्वतः झाळणारी एखादी बाईही असते. अडचण अशी, की जो तो आपापल्या पडवीत. एकाला जे दहा वर्षांपूर्वी उमगले, ते शेजारचा आज पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो. दुरुस्ती आपल्यापुरती झाली म्हणजे निम्मी झाली. दुसऱ्याला दाखवली म्हणजे पुरी झाली.

एक साधे उदाहरण घेऊ. भातकापणीचा विळा. एकाच्या विळ्याची धार दोन दिवसांत बोथट होते, दुसऱ्याचा विळा दगडावर आपटला की पात्याचा तुकडाच उडतो. दोघेही म्हणतात, लोखंडच खराब! खरे कारण बहुधा पाणी देण्यात असते. साध्या सळईच्या लोखंडात कर्ब फार कमी असतो, त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादात कर्ब पुरेसा असतो, ते होते. ते लाल तापले, आणि लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले, की समजावे ताव जवळ आला. चुंबक सुटतो तो सुमारे 770 अंश सेल्सिअसला, पाण्याचा ताव त्याहून थोडा वर. मग ते विझवायचे. अशा पोलादाला पाण्यापेक्षा तेल बरे, कारण पाण्यात ते एकदम आकसून तडकू शकते. एवढ्यावर थांबलात तर पाते काचेसारखे ठिसूळ राहील. म्हणून ते घासून उजळ करायचे आणि पुन्हा हलके तापवायचे. वर रंग चढू लागतात. 230 अंशांच्या आसपास गवती पिवळा, पुढे तपकिरी, 280 च्या सुमारास जांभळा, 300 ला निळा. धारेवर तपकिरी-जांभळा दिसला की थांबावे. चिवटपणा आणि धार यांचा मेळ तिथे बसतो.

आता पाहा, जुन्या लोहाराला हे अंश ठाऊक नव्हते, पण रंग अचूक ठाऊक होता. शाळेतल्या मुलाला अंश पाठ असतात, पण रंग त्याने कधी पाहिलेला नसतो. या दोघांना एका ऐरणीपाशी आणणे हेच आपले काम आहे. गुरुजी आणि बाई, हे तुमच्याशिवाय व्हायचे नाही.

हे नुसते बोलणे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे, 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत शिकलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा माणूस कोरडवाहू गावात येऊन राहिला. हाताने काम करता करता शिकलेले पक्के बसते, अशी त्यांची धारणा होती. तिथे मुले जोडकाम शिकतात, शेती, पशुपालन, वीज आणि आरोग्य यांची कामे शिकतात, आणि शिकता शिकता गावाची खरी कामे करून देतात. तोच धडा पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या नावाने कितीतरी शाळांत गेला. 2003 साली कलबाग वारले, पण काम चालू राहिले. गावचे तुटके फाटक हे तिथे पाठ्यपुस्तकाचे पान असते, आणि फाटक दुरुस्त झाले की गावाचाही फायदा!

मग आपण काय करावे? महिन्यातून एक ठरलेला दिवस घ्यावा. शाळेची पडवी किंवा देवळासमोरचा पार चालेल. 2009 साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात लोकांनी अशीच बैठक भरवली. मोडकी वस्तू घेऊन यायचे, जाणत्याच्या शेजारी बसायचे आणि मिळून ती नीट करायची. आज अनेक देशांत अशा बैठका भरतात. आपल्याकडे पार होता, आणि अवजारांची कामेही होती, तेव्हा हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही.

बैठकीला एक वही ठेवावी. तीत पाच गोष्टी लिहाव्यात: वस्तू कोणती, बिघडले काय, धातू कोणता, केले काय, आणि ते किती दिवस टिकले. पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. जे टिकले नाही तेही लिहावे. फसलेली दुरुस्ती लपवली तर दुसऱ्याचेही लोखंड वाया जाते.

जपायच्या गोष्टी तर आधी सांगाव्यात. खाण्यापिण्याचे भांडे झाळताना शिसे मिसळलेला झाळ वापरू नये, ते पोटात जाते. शुद्ध कथील 232 अंशांना वितळते, त्यावर काम भागते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापवला तर पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो मुलामा आधी काढावा आणि काम उघड्यावर करावे. जोडकामाची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहू नये. त्या वेळी काही वाटत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. पेट्रोलच्या टाकीला आणि गॅसच्या टाकीला घरी आग लावायची नाही. कुकरचा सुरक्षा झडप-बुच बिघडला तर तो दुरुस्त करायचा नाही, त्याच जातीचा नवा आणायचा.

कोणी म्हणेल, असे सगळेच शिकले तर लोहाराच्या पोटावर पाय येईल. शंका रास्त आहे. म्हणून बैठकीत त्याला गिऱ्हाइकाची वाट पाहत बसवू नका, शिकवणारा म्हणून मानाने बोलवा आणि त्याच्या वेळेचे मोल द्या. कानस कशी धरावी हे ज्याला कळले, त्याला मिस्त्रीच्या कामाची किंमतही कळते. तो घासाघीस कमी करतो.

श्रोतेहो, या केंद्राला अशा गोष्टीची जुनी ओळख आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. आजच्या महाराष्ट्रातल्या 5 जिल्ह्यांत सुमारे 150 गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपल्या शंका केंद्राकडे धाडत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असा त्याचा मंत्र होता. तोच मंत्र ऐरणीलाही लागू पडतो.

तेव्हा येत्या रविवारी एवढेच करा. घरात गंजत पडलेले एक अवजार बाहेर काढा. गावातल्या सर्वांत जुन्या मिस्त्रीकडे ते न्या, आणि जाताना शाळेतल्या दोन मुलांना बरोबर घ्या. ते हात काम करू शकतात तोवर त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवे.