परसातल्या कोंबड्या आणि विषाची ज्वारी
(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला कोंबड्या आल्या. हसा, हसायला हरकत नाही. पण आपल्या गल्लीत वर्षभर भांडणं कशावरून होतात ते मनातल्या मनात मोजा. पहिलं बांधावरून, दुसरं पाण्यावरून. तिसरं कोंबड्यांवरून होतं. एकीच्या कोंबड्या दुसरीच्या मेथीत जातात आणि दोन घरांचं बोलणं सहा महिने बंद पडतं. मी या विषयावर बोलतो त्याचं कारण मी त्यात शहाणा आहे असं नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली, म्हणून बोलतो.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे वर्ष. हातात कापसाचा पैसा नव्हता, ज्वारी खायला पुरेल एवढीच झालेली. घरातल्या बाईने न्हाणीचं आणि भांडी धुतल्याचं पाणी मागच्या परसात वळवून तीन वाफे केले. मेथी, पालक, कोथिंबीर, कडेने चार वांगी. बाजारचा भाजीचा खर्च वाचला तर तेवढंच. मेथी दोन पानांवर आली आणि कोंबड्या आल्या. शेजारच्या मावशींच्या सात-आठ होत्या. शिवाय चिंचेवरच्या पाच-सहा. त्या कोणाच्याच नव्हत्या. ऊसतोडीला गेलेल्या एका घराने मागे सोडल्या, त्यांची पिलं झाली, पिलांची पिलं झाली आणि ती पार रानावली. रात्री चिंचेच्या शेंड्यावर बसायची आणि माणूस दिसला की फडफडत पत्र्यावर. एका सकाळी उठून पाहिलं तर वाफ्याचं खळं झालेलं.

दोनदा पेरलं, दोनदा उकरलं. तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. कपाशीला आणलेल्या फोरेटच्या दाण्यांची उरलेली पुडी घरात होती. ज्वारी भिजवली, त्यात ते कालवलं आणि रात्री वाफ्याच्या कडेने टाकलं.

सकाळी मावशींच्या सात कोंबड्या मेल्या. त्यात एक अंड्यावर बसलेली खुडूक होती, ती घटकाभर चारा टिपायला उठली होती. एक मेलेली कोंबडी आमच्याच मांजराने ओढत नेली, संध्याकाळी ते मांजरही मेलं. आणि ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं त्या चिंचेवरच्या कोंबड्यांतली एकही मेली नाही. त्या उजाडल्यावर बऱ्याच उशिरा खाली उतरतात. घरच्या, माणसाळलेल्या तेवढ्या आधी आल्या.

मावशी एकट्या राहतात. अंडी विकून त्यांचं तेल-मीठ आणि गोळ्या-औषध चालतं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, सांगितलं असतंस तर मी डालून ठेवल्या असत्या."

मी पैसे देऊ केले, त्यांनी चार दिवस घेतले नाहीत. घरच्या बाईने सगळी मेथी उपटून फेकली. फोरेट जमिनीतून मुळांवाटे पाल्यात चढतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिने बरोबर ओळखलं. जी मेथी वाचवायला विष टाकलं ती मेथीच खाण्याजोगी राहिली नाही. दुपारी शेजारचं लेकरू तिथे खेळायला आलं असतं तर मी आज तुमच्यापुढे उभा नसतो, तुरुंगात असतो. फोरेटवर सरकारने २०२० च्या ३१ डिसेंबरपासून बंदी घातली. पण बंदी आली म्हणून जुन्या पुड्या माळ्यावरून खाली उतरल्या का? घरी गेल्यावर बघा.

आता कामाचं बोलतो. त्या दिवसानंतर मी कोंबड्या बघत बसू लागलो. कोंबडी परसात भाजी खायला येत नाही, पाला ती जाता जाता टोचते. ती येते माती उकरायला. एप्रिलमध्ये आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, गल्ली दगडासारखी होते. अख्ख्या आळीत ओली, भुसभुशीत, किड्या-गांडुळांची माती एकाच जागी असते: न्हाणीच्या पाण्यावरच्या वाफ्यात. शिवाय कोंबडीला धुळीत लोळायचं असतं, त्याने तिच्या अंगातल्या उवा जातात. म्हणजे आपणच तिच्यासाठी पंगत मांडायची आणि ती जेवायला बसली की विष घालायचं, असा हा प्रकार.

म्हणून पहिलं काम, तिची पंगत दुसरीकडे मांडा. आम्ही उकिरड्याच्या बाजूला लिंबाखाली हातभर खड्डा केला, त्यात चुलीची राख आणि बारीक माती टाकली. शेजारी फुटक्या माठाच्या परळात पाणी. सकाळी उजाडताच आणि दिवस मावळायच्या आधी मूठभर चुरा तिथेच टाकायचा, वाफ्याकडे कधीच नाही. आठ दिवसांत निम्म्या कोंबड्यांनी मुक्काम हलवला.

दुसरं काम वाफ्याचं. रोप कोवळं असतं ते पंधरा-वीस दिवसच खरा धोका. बी टाकलं की वाफ्यावर तुराट्या आडव्या-उभ्या, वीतभर अंतराने पसरून द्या. कोंबडीला पाय मारायला जागाच राहत नाही आणि रोप फटीतून वर येतं. वांगी-मिरचीच्या बुडाशी मूठ-मूठ दगड गोल मांडा. दगड तिला उकरता येत नाहीत, खालची ओलही टिकते.

तिसरं कुंपण. इथे एक गोष्ट कापूसवाल्यांनी नीट ऐकावी. पऱ्हाट्या फुकट आहेत म्हणून आपण त्यांचीच कुपाटी करतो. त्या पऱ्हाट्यांवर न फुटलेली किडकी बोंडं असतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी झोपलेली असते. २०१७ साली या अळीने काय केलं ते सांगायची गरज नाही. घरामागे पऱ्हाट्या उभ्या करणं म्हणजे पुढच्या हंगामाची अळी दारात सांभाळणं. तेव्हा ताटी तुराट्यांची करा. कमरेच्या वर, छातीइतकी. खाली फट ठेवू नका, नाही तर पिलं शिरतात. दगड लावून घ्या. आणि वरच्या टोकाला बांबू आडवा बांधू नका. माझी पहिली ताटी इथेच फसली. गावरान कोंबडी थेट कुंपणावरून पलीकडे सहसा उडत नाही, आधी वरच्या काठावर बसते, आत बघते आणि मग उतरते. तुराट्यांचे शेंडे मोकळे, वरखाली, हलते ठेवले की तिला बसायला जागा मिळत नाही. माझ्याकडे तरी याने फार फरक पडला.

मासेमारीचं जुनं जाळं लावायचं असेल तर ते ताटीच्या वरच्या भागात, ताणून लावा. जमिनीवर ढिलं टाकू नका. त्यात धामण अडकून मरते, आणि धामण मेली की उंदीर कोण खाणार?

लोक आणखी बरंच सुचवतात. मिरचीची पूड टाका म्हणतात. पाखराला तिखट लागत नाही हो! पोपट मिरची कशी मिटक्या मारत खातो ते पाहिलं नाही का? चकचकीत रिबिनी, कॅसेटची फीत, बुजगावणं हे चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी कोंबडा बुजगावण्याच्या खांद्यावर बसून आरवतो. कुत्रं सोडणं हा तर विषाचाच भाऊ. डुकरा-रोह्यासाठी रानात लावतात ती झटका मशीन परसात नको, तिथे लेकरं फिरतात. आणि तारेत थेट करंट सोडणाऱ्याला तर मी शेतकरीच म्हणणार नाही. त्यापेक्षा हातात पाण्याचा तांब्या ठेवा. दिसली की शिंपडा. दोन-चार वेळा भिजली की तुमचा चेहरा ती लक्षात ठेवते.

राहिल्या चिंचेवरच्या. त्यांना उजेडात पकडायला जाणं म्हणजे गावाची करमणूक. कोंबडीला अंधारात दिसत नाही. अमावास्येच्या आसपास शिडी लावून दोघे गेलो, हळूच दोन्ही पंखांवर हात ठेवून एकेक उचलली आणि डालग्यात घातली. चार मिळाल्या, एक कोंबडा वरच राहिला. त्या चारही मावशींना दिल्या. पंधरा दिवस कोंडून दाणापाणी केलं, मग त्या त्यांच्याच खुराड्यात यायला लागल्या. पैसे न घेणाऱ्या मावशींनी कोंबड्या मात्र घेतल्या.

गल्लीत आता एक ठरलं आहे. कोणी बी टाकलं की घरोघर सांगून यायचं, आणि तेवढे दिवस ज्याच्या-त्याच्या कोंबड्या दुपारपर्यंत डालून ठेवायच्या. बी टाकणाऱ्याने भाजी निघाल्यावर पहिली जुडी त्या घरांना द्यायची. हे कागदावर नाही, पण चाललं आहे.

मोराबद्दल काल दोघांनी विचारलं. आपल्याकडे ओढ्याच्या कडेने मोर आहेत आणि ते परसात उतरतात, टमाटे फोडतात, कोंब खुडतात. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य १९९४ मध्ये झालं; साखऱ्याला अभयारण्य नाही, तरी मोराला कायदा तोच आहे. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मारला तर तीन ते सात वर्षांची कैद. कोंबडीच्या विषाने मोर मेला तर "मी कोंबडीसाठी टाकलं होतं" हे कोर्टात सांगून बघा. आणि दुसऱ्याची कोंबडी विष घालून मारणं हाही नव्या न्याय संहितेत गुन्हाच आहे, कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत. मोराला मोठं अंग उतरवायला आणि पळायला मोकळी जागा लागते. वाफ्यांवर डोक्याच्या उंचीने सुतळी आडवीतिडवी ओढली, तिला पांढऱ्या चिंध्या बांधल्या, तेव्हापासून तो आमच्या परसात उतरलेला नाही, ताटीबाहेर फिरतो. दुसरीकडे चालेल की नाही हे करून पाहावं लागेल.

ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो. आपल्या बापजाद्यांची गोफण पाखरू उडवायला होती. कणसावर विष शिंपडलेला बाप मी तरी पाहिला नाही. आम्ही मधल्या पिढीने दुकानातून पुडी आणली आणि राखण विसरलो.

माझा वेळ संपला, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. ज्यांना ताटी आणि राखेचा खड्डा पाहायचा असेल त्यांनी जेवणं झाल्यावर माझ्याबरोबर यावं, घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांना बी हवं त्यांच्यासाठी मेथीच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत, पैसे नकोत. फक्त आत येताना फाटक लावून घ्या. चिंचेवर राहिलेला तो कोंबडा अजून तिथेच आहे आणि फाटक उघडायची वाट बघत असतो.