बाळंतविड्यातील चोखणी

(स्तनपान सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या देणगीदार व पालकांच्या मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून माझ्याकडून दरवर्षी जमाखर्चाचे निवेदन अपेक्षित असते. ते आपणांस छापील अहवालात वाचावयास मिळेलच. आज मात्र एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याची परवानगी मी अध्यक्ष महोदयांकडून मागून घेतली आहे. त्यास कारणही तसेच घडले.

आपल्या प्रसूती विभागातील गरजू बाळंतिणींसाठी अनेक दानशूर कुटुंबांकडून बाळंतविडा येतो. झबली, टोपडी, दुपटी, साबण असे सारे त्यात मोठ्या हौसेने बांधलेले असते. अलीकडे त्यात दुधाची बाटली आणि रबरी चोखणी, म्हणजे ज्यास आपल्याकडे दुकानात नुसते ‘निपल’ म्हणतात ती वस्तूही दिसू लागली आहे. या दोन वस्तू आम्ही काढून घेतो व उरलेला बाळंतविडा मातेस देतो. एका देणगीदारांनी मला विचारले, “आम्ही प्रेमाने दिलेली वस्तू काढून ठेवण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?” प्रश्न रास्त आहे, आणि देणगीदाराने तो विचारावा हे योग्यच आहे.

बाटलीपुरते उत्तर सोपे आहे. अर्भकांसाठीचे दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि अर्भक आहार यांविषयी १९९२ साली केंद्राने कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. अनाथालयाचा अपवाद सोडल्यास बाटली दान करण्यास वा वाटण्यास त्यात मनाई आहे. तेव्हा बाटली स्वीकारणे आमच्या हाती नाहीच. चोखणीचे नाव त्या कायद्याच्या शीर्षकात नाही. तिच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तर तो समजून घ्यावा लागतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यकशास्त्र माझे नव्हे. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन आणि त्यांना वाचून दाखवून मगच येथे आणले आहे.

प्रथम आईची बाजू. चोखणी वापरणारी माता आळशी किंवा निष्काळजी असते, असा सूर शहरी लेखांतून कधी कधी उमटतो. तो मला पटत नाही. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पण ती हळद काढणे, शिजवणे, वाळवणे या कामांत बायकांचे हात किती असतात ते कोणत्याही शेतावर जाऊन पाहावे. दोन-तीन महिन्यांचे लेकरू झाडाच्या सावलीत झोळीत असते, आणि मोठी बहीण, जी स्वतःच आठ-नऊ वर्षांची असते, ती त्यास राखते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीतही तेच चित्र. लेकरू रडले की ती पोर तोंडात चोखणी देते. दुसरे ती बिचारी काय करणार? शिवाय चोखण्याची इच्छा ही बाळाची उपजत गरज आहे. पूर्वी कापडाचा बोळा असे, लाकडी चोखणी असे. आता दसऱ्याच्या प्रदर्शनात खेळण्यांच्या दुकानावर रबरी चोखणी टांगलेली दिसते, इतकाच फरक.

अडचण सुरू होते ती चोखणी जमिनीवर पडते तेव्हा. ती पदराला पुसली जाते, किंवा कोणी वडीलधारे स्वतःच्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ करतात, आणि ती पुन्हा बाळाच्या मुखी जाते. कँडिडा नावाची एक बुरशी आपणां बहुतेकांच्या अंगी निरुपद्रवीपणे राहत असते. लहान बाळाची प्रतिकारशक्ती अपुरी असते, तोंड सतत ओले व उबदार असते, आणि रबराच्या बारीक भेगांत त्या बुरशीस उत्तम आसरा मिळतो. मग जिभेवर, गालांच्या आतून, ओठांच्या आतल्या बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे उमटतात. चोखणी न वापरणाऱ्या बाळांनाही हे होते, प्रतिजैविके दिल्यानंतर तर विशेष होते. परंतु चोखणी असली की बरे झालेले दुखणे परत येण्यास वाट राहते.

दूध साचून जीभ पांढरी दिसणे वेगळे. ते ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसले की जाते. बुरशीचा चट्टा सहज जात नाही, आणि बोटाला कापड गुंडाळून घासला तर खालची त्वचा लाल होऊन रक्त येते. कृपा करून घासू नये. तसेच नवजात बाळाच्या टाळूवर मध्यभागी मोत्यासारखे बारीक पांढरे दाणे असतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात, त्यांस औषध लागत नाही.

या दुखण्याचे औषध साधे आहे. डॉक्टर बुरशीनाशक थेंब किंवा द्रावण लिहून देतात, ते दूध पाजल्यानंतर चट्ट्यांवर लावावयाचे आणि सांगितले तितके दिवस लावावयाचे. चट्टे दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी थांबवावयाचे नाही. पण माझ्यासारख्या हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या लक्षात येते ती दुसरीच गोष्ट. एकच बाळ तीन आठवड्यांत तीनदा येते. औषध स्वस्त, परंतु सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील गावाहून येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी हा खर्च आमच्या कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, तो त्या कुटुंबाच्या अंगावर पडतो. असे का होते? कारण उपचार फक्त बाळाच्या तोंडाचा होतो. तीच बुरशी आईच्या स्तनाग्रावर गेलेली असते, तेथे आग होते, भेगा पडतात, आणि लाजेपायी ती सांगत नाही. ती पुन्हा बाळास देते, बाळ तिला देते. म्हणून आईची तपासणी आणि आवश्यक तर तिचे मलमही त्याच वेळी झाले पाहिजे, आणि चोखणी रोज उकळली पाहिजे. उपचार संपताच जुनी टाकून द्यावी हे उत्तम. हे न झाल्यास वेदनेमुळे बाळ दूध घेईनासे होते, आई पाजणे सोडते, घरात बाटली येते, आणि बाटलीमागून जुलाब येतात. पांढऱ्या चट्ट्याची भीती वाटावी ती या पुढच्या पायऱ्यांसाठी.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे आज्यांनी विशेष ऐकावे. बाळाचे तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. काही घरांत ते मिश्रण चोखणीलाच लावतात, म्हणजे बाळ गोडीने चोखते आणि शांत राहते. ज्या आजीबाईंनी पदराची गाठ सोडून आमच्या डॉक्टरांना ती पुडी दाखवली, त्यांचा हेतू नातवाच्या कल्याणाचाच होता आणि डॉक्टरांनी त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. परंतु हीच रीत इंग्रजांच्या मुलखातही होती. तेथेही मध आणि टाकणखार यांचे मिश्रण चोखणीला लावीत. १९८३ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा सात बालकांची हकीकत प्रसिद्ध झाली: कित्येक आठवडे ते मिश्रण चोखल्यावर त्यांना झटके येऊ लागले होते, आणि ते बंद केल्यावर झटके थांबले. टाकणखार थोडा थोडा शरीरात साठत जातो आणि इवल्या जिवाला तो सोसत नाही. नुसता मधही एक वर्षाच्या आत चाटवू नये. त्यातील एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

त्वचेचे थोडक्यात सांगतो. चोखणीच्या चकतीखाली लाळ साचते आणि ओठांभोवती, हनुवटीवर, मानेच्या वळीत लालसर पुरळ येते. कधी कधी चकतीच्या आकाराचे गोल वर्तुळच उमटते. मऊ सुती कापडाने लाळ टिपावी, पुसताना रगडू नये, वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि चोखणीस विश्रांती द्यावी. बहुधा इतक्याने भागते. हळदीचा लेप लावून आणलेल्या बाळाची पुरळ डॉक्टरांस दिसतच नाही, सारेच पिवळे! हळदीच्या जिल्ह्यात हे बोलण्याचे धाडस करतो, क्षमा असावी. औषधाच्या दुकानातून खरूज-नायट्यासाठी मिळणारे मिश्र मलम तर बाळाच्या चेहऱ्यास कदापि लावू नये. त्यात बहुधा स्टिरॉइड असते; पुरळ चार दिवस दबते, त्वचा पातळ होते, आणि दुखणे दुप्पट होऊन परतते. पुरळीवर मधाच्या रंगाची खपली धरली किंवा पू दिसला तर तो जंतुसंसर्ग समजावा. तोंडातील बुरशी पोटातून खाली उतरून लंगोटाच्या जागीही जाते. जांघेच्या वळीत गडद लाल चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले तर तोंडही उघडून पाहावे.

बाळ दूध घेत नसेल, तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप असेल, किंवा उपचार नीट करूनही चट्टे पुन्हा पुन्हा येत असतील, तर घरी थांबू नये.

मग चोखणी विषच समजावी काय? तसे नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानाची जी दहा सूत्रे घालून दिली, त्यांत चोखणी देऊच नये असे म्हटले होते. २०१८ च्या सुधारणेत मातेस तिचे धोके समजावून सांगावे असे शब्द आले. झोपेच्या वेळी चोखणी दिल्यास अर्भकांचा झोपेतील अकस्मात मृत्यू कमी होतो असे आढळल्याने अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ, स्तनपान नीट बसल्यानंतर, ती सुचवितातही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांस चोखण्याचा सराव व्हावा म्हणून ती कधी उपयोगी पडते. तेव्हा ज्या मातेने विचारपूर्वक ती वापरावयाची ठरवली, तिने ती एकसंध, बिनभेगेची घ्यावी, रोज पाच मिनिटे उकळावी, चिकट वा तडकलेली दिसताच फेकावी. आणि ती दोऱ्याने गळ्यात बांधू नये. गळ्यातील काळ्या दोऱ्यातच चोखणी ओवलेली मी स्वतः पाहिली आहे. झोळीत तो दोरा कशात अडकला तर फास बसण्यास क्षणही पुरतो.

परंतु रुग्णालयाच्या हातून, बाळाच्या जन्माच्या तिसऱ्या दिवशी, दूध नीट उतरण्यापूर्वी, ती वस्तू दिली गेली तर माता समजते की डॉक्टरांनीच ती लिहून दिली आहे. ही आमची अडचण आहे, आणि म्हणून आम्ही ती काढून ठेवतो.

देणगीदारांनी तिच्या जागी काय द्यावे, हेही सांगून ठेवतो. धुऊन मऊ झालेले सुती चौकोनी तुकडे, लाळ टिपण्यासाठी, जितके अधिक तितके बरे. झाकणाची एक स्टीलची वाटी आणि लहान चमचा, म्हणजे कामावर जाणाऱ्या आईस आपले दूध काढून ठेवता येईल व घरच्यांस ते पाजता येईल. ज्यांना याहून अधिक करण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभागालगतची एक खोली विश्वस्त मंडळाने राखून ठेवली आहे. मातांना तेथे आडोशाने दूध पाजता यावे एवढाच हेतू आहे. तिला पडदे, बसण्यास बाज आणि पंखा हवा आहे. त्याचा अंदाजित खर्च मी लिहून आणला असून तो कार्यालयात पाहावयास मिळेल.

चहापानानंतर परिचारिका भगिनी वाटी-चमच्याने दूध पाजण्याचे आणि चोखणी उकळण्याचे प्रात्यक्षिक दाखवतील. ज्यांच्या बाळाच्या तोंडात पांढरे काही दिसते आहे त्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. आज त्यासाठी केस पेपरचे शुल्क घेतले जाणार नाही.