‘आपले राष्ट्रपती’ : झाकीर हुसेन यांचं काम कसं मोजायचं?



मी इतिहासाचा माणूस नाही. सांगलीत इंजिनीअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. हा विषय घेतला तो आमच्या घरातल्या एका फोटोमुळे. मिरजेला आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, यांच्या खोलीत डॉ. झाकीर हुसेन यांचा फोटो होता. पांढरी दाढी, चष्मा, डोक्यावर टोपी. लहानपणी मी विचारलं, हे कोण? दादा म्हणाले, “आपले राष्ट्रपती.” मी विचारलं, यांनी काय केलं? दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, राष्ट्रपती झाले ना!”

हे उत्तर मला बरीच वर्षं पुरलं. मग नोकरीत माझं प्रमोशन झालं, तेव्हा चहाच्या वेळी एक सहकारी हसत हसत म्हणाला, “तुमचं बरं आहे, कंपनीला फोटोत सगळ्या प्रकारचे लोक लागतात.” सहा वर्षांचं काम, रात्री दोन वाजता उठून सुरू केलेले सर्व्हर, यातलं काहीच त्याला दिसलं नव्हतं. फार लागलं ते. आणि घरी आल्यावर दादांचा फोटो आठवला. दादांना अभिमान होता, याच्या बोलण्यात टोमणा होता. पण कामाची फाइल दोघांनीही उघडली नव्हती.

तर आज ती फाइल उघडू या. साल १९६७.

झाकीर हुसेन १९६२ साली उपराष्ट्रपती झाले, ५६८ विरुद्ध १४ मतांनी. म्हणजे लढत नावालाच. पाच वर्षांनी चित्र बदललं होतं. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत कशाबशा २८३ जागा मिळाल्या आणि अनेक राज्यांतली सत्ता गेली. राष्ट्रपतीला खासदारांबरोबर आमदारही निवडून देतात, त्यामुळे विजय गृहीत धरता येत नव्हता. कामराज यांना राधाकृष्णन यांनीच पुढं राहावं असं वाटत होतं. इंदिरा गांधींनी झाकीर हुसेन यांचं नाव लावून धरलं. विरोधी पक्षांनी उभे केले कोका सुब्बाराव. ते देशाचे सरन्यायाधीश होते. फेब्रुवारीत त्यांनी गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला होता, एप्रिलमध्ये राजीनामा देऊन ते रिंगणात उतरले.

एक चर्चा अशी होती की मुसलमान राष्ट्रपती चालेल का, काँग्रेसचेच लोक मतं फोडतील का. पण दुसराही एक प्रश्न होता, आणि तो रास्त होता. आता दिल्लीत एक पक्ष आणि राज्यांत दुसरे. अशा वेळी हा माणूस पंतप्रधानांना कधी ‘थांबा’ म्हणेल का? दोस्तांनो, हा दुसरा प्रश्न पहिल्यात मिसळू नका. आपल्या माणसाला कुणी अवघड प्रश्न विचारला की तो द्वेषातूनच विचारला, असं आपण पटकन धरून चालतो. मीही चाललोय.

याचं उत्तर उपराष्ट्रपतिपदाच्या पाच वर्षांत शोधायला जावं तर हाती फार काही लागत नाही. घटनेच्या ६४ व्या कलमानुसार उपराष्ट्रपती हा राज्यसभेचा सभापती. मत द्यायचं ते फक्त दोन्ही बाजूंची मतं समान पडली तरच. त्या पाच वर्षांत चीनचं युद्ध झालं, नेहरू गेले, शास्त्री गेले. पण यातला कुठलाच निर्णय या खुर्चीतून होत नव्हता. आमच्याकडे नीट चालणाऱ्या सर्व्हरची कुणाला आठवण येत नाही, तसंच हे पद. म्हणून मागं जावं लागतं.

१९२६ साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन ते परतले, वय २९. जामिया मिलिया तेव्हा बंद पडायच्या बेतात होती. खिलाफत चळवळ ओसरली आणि तिच्याकडून येणारा पैसा आटला. झाकीर साहेबांनी ती हाती घेतली. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शपथ घेतली की वीस वर्षं इथंच काम करू आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. ते स्वतः १९४८ पर्यंत, बावीस वर्षं कुलगुरू राहिले. हे वाचल्यावर मी माझा शेवटचा पगारवाढीचा ई-मेल आठवून ओशाळलो.

पण माझ्या लेखी खरी कसोटी आपल्या वर्ध्याला झाली. ऑक्टोबर १९३७. गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावलेली. त्यांची कल्पना अशी की शाळा हस्तोद्योगातून शिकवेल आणि मुलांच्या कामातून आपला खर्चही भागवेल. समोर गांधीजी बसलेले, सभा त्यांना मानणाऱ्यांची. तिथं झाकीर हुसेन उठून म्हणाले की कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणाच्या जगात नवी नाही, आणि स्वावलंबनावर जास्त भर दिला तर शिक्षक गरीब मुलांना राबवून घेतील. मग टकळी पुस्तकांपेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींनी काय करावं? योजना आखणाऱ्या समितीचं अध्यक्षपद याच माणसाकडे दिलं. ज्यांना ‘होयबा’ म्हणण्याची तयारी चालू होती, त्यांच्या फाइलमध्ये हे पान होतं.

नंतर याच वर्धा योजनेवर मुस्लिम लीगनं धर्मशिक्षण नाही म्हणून टीका केली. तरी १९४६ मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू आणि जिना यांना एकाच मंचावर आणलं. १९४७ च्या दंगलींत जालंधर स्टेशनावर ते मरता मरता वाचले. वाचवणारे एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी. आणि पुढच्याच वर्षी, सगळ्यांच्या संशयाच्या नजरेत असलेल्या अलीगढ विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांनी घेतलं. मग बिहारचं राज्यपालपद, तिथून उपराष्ट्रपती.

निकाल लागला: ४,७१,२४४ विरुद्ध ३,६३,९७१. दादांचा फोटो तेव्हाचा.

आता फाइलचं शेवटचं पान, जे आपल्याकडच्या सभांत सहसा वाचलं जात नाही. त्यांच्या कारकिर्दीत हरियाणा, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश, बिहार आणि पंजाब, अशा पाच राज्यांत राष्ट्रपती राजवट आली. नोव्हेंबर १९६७ ते ऑगस्ट १९६८, जेमतेम नऊ-दहा महिन्यांत. पाचही ठिकाणी सही झाली. सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार घटनेत लिहिला गेला तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. के. आर. नारायणन यांनी तो वापरला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची आणि १९९८ मध्ये बिहारची शिफारस त्यांनी परत पाठवली. तेही आधी उपराष्ट्रपती होते.

माझं मत विचाराल तर पदाला लागणारी विद्वत्ता, सचोटी, लोकांना एकत्र बसवण्याची ताकद, या सगळ्यात झाकीर हुसेन सुब्बारावांपेक्षा कमी नव्हते, काही बाबतींत सरसच होते. ते मुसलमान होते म्हणून निवडले गेले, असं म्हणणाऱ्यानं वर्धा आणि जामिया वाचावं. पण विरोधकांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला राष्ट्रपती भवनातून जे उत्तर मिळालं, ते वर्ध्याच्या सभेतल्या उत्तराइतकं ठणठणीत नव्हतं. ३ मे १९६९ ला ते गेले, पदावर दोन वर्षं पुरी व्हायला दहा दिवस बाकी असताना.

मला हे बोलताना जड जातंय, कारण दादांना हे आवडलं नसतं. दादा आता नाहीत. फोटो पुण्याला माझ्या घरी आहे. गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या लेकीनं विचारलं, अब्बा, हे कोण? मी राष्ट्रपती हा शब्द मुद्दाम टाळला आणि वर्ध्यापासून सुरुवात केली. तिनं मध्येच थांबवलं, “टकळी म्हणजे काय?” आता टकळी शोधतोय. कुणाच्या घरी असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा.