चाक फिरण्याआधीची जबाबदारी



नवापूरहून बोईसरमार्गे चिल्हार फाट्याकडे जाणारा रस्ता या परिसरातील प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी टँकर, मालमोटारी, रिक्षा आणि दुचाकीवरून घरी परतणारे कामगार यांची एकच गर्दी होते. घरच्या माणसाला यायला अर्धा तास उशीर झाला, की आईचे लक्ष दाराकडे लागते. परंतु दुसऱ्या दिवशी तोच मुलगा हेल्मेटविना निघाला, तर त्याला उंबरठ्यावर अडवले जातेच असे नाही. धास्ती आहे, दक्षता नाही. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

चिल्हार फाट्यावरून महामार्गाने गुजरातच्या दिशेने गेले की चारोटी लागते. तेथील सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. उदवाड्याहून मुंबईकडे येणारी त्यांची मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. मोटार महागडी होती, सुरक्षेच्या आधुनिक साधनांनी सज्ज होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मात्र मृत्युमुखी पडले. त्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलीस तपासात आढळले. तीन पदरी रस्ता त्या पुलापाशी दोन पदरी होतो, ही त्रुटीही तेव्हा प्रकर्षाने पुढे आली.

अशा प्रसंगी आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते, ‘वेळ आली होती.’ शोकाकुल कुटुंबाला त्याचा आधार वाटतो आणि सांत्वनापुरते ते योग्यही आहे. मात्र तीच समाजाची विचारपद्धती झाली, की कारणांचा शोध थांबतो. ज्या परंपरेने प्रारब्ध सांगितले, तिनेच कर्मही सांगितले आहे, याचा सोयीस्कर विसर पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. दररोज सरासरी ४६० हून अधिक. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. हेल्मेट न घातल्याने ५०,०२९ आणि सीटबेल्ट न लावल्याने १६,७१५ जण दगावल्याचे हाच अहवाल सांगतो. एवढ्या मृत्यूंचा भार एकट्या दैवावर कसा टाकता येईल?

वेगाचे गणित निष्ठुर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढा वेळ जातोच. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यासाठी चौपट अंतर लागते. शिवाय मोटार आदळून थांबली, तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. मागे बसलेला माणूस पुढच्या आसनावर, म्हणजे बहुधा आपल्याच माणसावर आदळतो. मागच्या सीटबेल्टची सक्ती चारोटीच्या घटनेपूर्वीपासूनच नियमांत होती. ती पाळण्याची सवय तेवढी नव्हती.

याहून गंभीर प्रश्न घरातल्या किल्लीचा आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. देशभर संताप उसळला. पण शिकवणीला वेळेवर पोहोचावा म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला स्कूटर देणारे सुशिक्षित पालक किती अंतर्मुख झाले? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्यानेच येथे पालकाला अपराधी मानले आहे.

याचा अर्थ यंत्रणा दोषमुक्त ठरते असा नव्हे. अचानक अरुंद होणारा पूल, न भरलेला खड्डा, दिव्याविना उभी मालमोटार यांचा जाब नागरिकांनी संघटितपणे विचारलाच पाहिजे. मात्र रस्ता सदोष आहे हे ठाऊक असलेल्या चालकाने तर अधिकच सावध असायला हवे.

आणखी एक कर्तव्य बघ्यांचे आहे. पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याच्या भीतीने जखमीला रस्त्यावर सोडून जाणारे पुष्कळ असतात. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येणार नाही, अशी हमी आता कायद्याच्या कलम १३४-अ ने दिली आहे. त्यामुळे पाठ फिरवायला ती सबबही उरलेली नाही.

दसऱ्याला घरोघरी वाहन धुतले जाते, त्याला झेंडूचा हार घातला जातो. त्याच दिवशी टायरची झीज आणि ब्रेक तपासावेत, घरात जेवढी माणसे दुचाकीवर बसतात तेवढी हेल्मेट आहेत का ते मोजावे, आणि अठरा वर्षांखालील मुलाकडे किल्ली असेल तर ती परत घ्यावी. मुलगा रुसेल, दोन दिवस बोलणार नाही. तेवढे आई-वडिलांनी सोसावे.